चार गिअर मागे, एक पुढे

आमच्या वडिलांना, म्हणजे नानांना, यंत्रं दुरुस्त करता येत नव्हती हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आपल्याला ती येतात असं त्यांना वाटायचं, आणि तसं नाही हे त्यांना तोंडावर सांगायची घरात कुणाची छाती नव्हती. विहिरीवरची मोटर त्यांनी तीनदा उघडली आणि त्यातल्या दोनदा ती परत चालू झाली. तिसऱ्या वेळी चार नट उरले, तर "हे कंपनीनं जास्तीचे दिले होते" असं म्हणून ते त्यांनी खिडकीत ठेवून दिले. आई त्यांच्याकडे बघून नुसतं "हं" म्हणायची. या एका "हं"मध्ये तिला काय काय म्हणायचं असतं ते मला आता, माझं स्वतःचं लग्न होऊन तीस वर्षं झाल्यावर, बरोबर कळतं.

मखमलाबाद तेव्हा शहराच्या पोटात गेलं नव्हतं. आज तिथं कुठं काय होतं ते मलाही बोट ठेवून दाखवता येत नाही. मागच्या वर्षी मुलाला घेऊन गेले, तर आमच्या गोठ्याच्या जागी एका सोसायटीचं पार्किंग निघालं. तेव्हा मात्र आमच्या घरापासून कालव्यापर्यंत नुसती शेतं होती. टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, मधेच कुणाची द्राक्षबाग. पहाटे विहिरीवरच्या मोटरीचा घूं घूं आवाज, मग आईच्या भाकरी थापण्याचा, आणि त्या दोन्हींच्या वरताण नाना पिकअप चालू करायचे तेव्हाचं तिचं खाकरणं. थोरली बहीण सासरी गेली होती, घरात आम्ही तिघंच. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, विज्ञान शाखेला, आणि जगातलं निम्मं ज्ञान आपल्याला झालंय अशा भ्रमात होते. बैलजोडी विकून नानांनी ती जुनी पिकअप घेतली होती. तिला कुणा हौशी मालकानं मागे घेताना वाजणारा हॉर्न बसवलेला होता. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की टिंग टिंग करत एक चाल सुरू व्हायची, ती गिअर काढेपर्यंत थांबायची नाही. आमचा कुत्रा तेवढी चाल ऐकली की तोंड वर करून सुरात सूर मिसळायचा.

आता झेंडूचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याची आहे. आई लग्नापासून त्या शेतात राबराब राबली होती, पण कुठल्या तुकड्यात काय लावायचं हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. नाना ठरवायचे, आई खुरपायची. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिनं जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तो वरचा खडकाळ तुकडा मला द्या. मी झेंडू लावते." नाना हसले. "झेंडू? अगं झेंडू का पीक हाय? ती बांधावरची शोभा!" आई म्हणाली, "शोभा तर शोभा." मग बरीच वादावादी झाली, आणि शेवटी नानांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता निकाल दिला: या दसऱ्याला झेंडू बाजारात नेऊन विकून दाखव, जमलं तर बघू, नाहीतर पुढच्या वर्षी तिथंही टोमॅटो, आणि मग या विषयावर तोंड उघडायचं नाही. आई "बरं" म्हणाली. तिचा स्वर इतका शांत होता की मला धडकीच भरली.

त्या चार महिन्यांत आईनं त्या तुकड्यातले दगड वेचून काढले, रोपं लावली, शेंडे खुडले, आणि संध्याकाळी पाय शेकत बसली. नवरात्र बसलं तेव्हा तो खडकाळ तुकडा असा काही पेटला होता की कालव्यावरून जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. घरात घट बसले होते. रोज एक माळ घटावर चढायची, ती आईच्याच झेंडूची. तिचे नऊ दिवसांचे उपवास होते. घरात भगर, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेल्या रताळ्यांचा वास. नानांचं नवरात्रात अनवाणी राहायचं व्रत असायचं. झेंडूचं एक वाईट असतं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो सोनं असतो आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला गाय विचारत नाही. हे नानाही जाणून होते आणि आईही.

चौथ्या माळेच्या दिवशी नानांनी शेजाऱ्याच्या ओट्यासाठी खाणीवरून दगड आणायचं कबूल केलं. आई म्हणाली, "गाडी भाजीची हाय, दगडाची नाय." नाना म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतं?" आणि कालव्याच्या पुलावरच्या उंचवट्यावर गाडीच्या पोटात असा कडाका झाला की घरापर्यंत ऐकू आला. मागची चाकं बाहेर फेंगडली, गाडी ढुंगण टेकून बसली. ट्रॅक्टरनं ओढत घरी आणली. मेकॅनिकला बोलावलं, तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "नाना, अख्खा मागचा एक्सल गेला. दुसरा टाकावा लागंल. पण माझ्याकडं दसऱ्याच्या आधी मान खाजवायला वेळ नाय." गावात ज्याच्याकडे चार चाकं होती तो दसऱ्याला आपापला माल नेणार होता, ट्रकवाले आधीच बांधलेले होते. आईनं हे सगळं दारात उभं राहून ऐकलं आणि आत जाऊन रताळी सोलायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नानांनी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "तुझी आई काही बोलली का गं?" मी म्हटलं, "नाय." "हेच तर वाईट हाय," नाना म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांनी ठरवलं की एक्सल आपण घरीच बदलायचा.

एक्सल म्हणजे काय हे ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या दोन चाकांच्या मधे एक जाड आडवा नळा असतो, त्याच्या मध्यावर कलिंगडाएवढा लोखंडी गोळा. इंजिनाचं फिरणं एका लांब दांड्यावरून त्या गोळ्यात येतं, आतली दातेरी चाकं ते वळवून दोन्ही बाजूंना देतात, आणि गाडी चालते. हा सगळा ऐवज गाडीला पोलादी पाट्यांनी, म्हणजे कमानींनी बांधलेला असतो. तो आणणार कुठून? तर त्यासाठी मामा होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नामपूरच्या कांदा मार्केटात ट्रॅक्टर चालवायचा, आणि मालेगावच्या भंगार बाजारात आपली कशी ओळख आहे ते प्रत्येक लग्नात सांगायचा. त्याला निरोप गेला. सहाव्या माळेला एका कांद्याच्या ट्रकमधून मामा उतरला आणि त्याच्या मागोमाग चौघांनी धरून एक्सल उतरवला.

"जीपना शे," मामा घाम पुसत म्हणाला, "पन बशी जाई. लोखंड शे, ते काय नही म्हनस का?"

आईनं एक्सलभोवती एक फेरी मारली, जणू बैल बघायला आलीय. मग भावाला अहिराणीत म्हणाली, "बशी जाई ना? नक्की?" बसेल ना, असं तिचं विचारणं. मामानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. आम्हाला तिनं फक्त एवढंच सांगितलं की नवव्या माळेच्या सकाळी तिची फुलं गाडीत चढली पाहिजेत, बाकी तुमचं तुम्ही बघा.

विहिरीतून मोटर वर काढायला ठेवलेली चेनपुली नानांकडे होती. तीन बल्ल्यांचं तिकाटणं अंगणात उभं केलं, त्यावरून पुलीनं गाडीचा मागचा भाग उचलला, खाली लाकडाचे ठोकळे सरकवले. जुन्या एक्सलचे बोल्ट असे गंजलेले की त्यांना रॉकेल पाजता पाजता आईच्या स्टोव्हचं अर्धं रॉकेल संपलं. नाना गाडीखाली, त्यांचे अनवाणी पाय बाहेर. मामा घण घेऊन. मी हातात कंदील, नंतर पाना, नंतर हळूहळू मीही गाडीखालीच. मला त्या कामाची एवढी मजा यायला लागली की कॉलेजला ताप आल्याचा निरोप पाठवला. तेलकट अंधारात उताणं पडून एखादा नट हलतो की नाही हे बोटांना कळतं, कान लागतात, पुस्तक नाही लागत. दर तासाला मामा म्हणायचा, "आते चहा जोयजे." आणि चहा यायचा. उपवासवाली बाई दुसऱ्यांसाठी किती चहा करते ते त्या दोन दिवसांत मी बघितलं. नाना खालून ओरडायचे, "ए पोरी, सतराचा पाना!" आणि मी सतराचाच द्यायचे, त्यांना मात्र तो एकोणीसचा हवा असायचा, आणि चूक माझी ठरायची.

सातव्या माळेला जुना एक्सल बाहेर आला. नवा, म्हणजे मामाचा, आत ढकलला, आणि तिथं घोडं अडलं. पाटा ज्यावर टेकतो ती बैठक एक्सलला पक्की जोडलेली असते. आमच्या गाडीत एक्सल खाली आणि त्याच्यावर पाटा. म्हणून बैठक वरच्या अंगाला हवी. जीपमध्ये उलटं होतं, पाटा खाली आणि एक्सल वर; म्हणून त्या एक्सलची बैठक खालच्या अंगाला. नाना डोक्याला हात लावून बसले. मामानं मालेगावच्या भंगारवाल्याच्या सात पिढ्या अहिराणीत मोजल्या. नव्या बैठका जोडून घ्यायच्या तर वेल्डिंगवाला पाहिजे, आणि तो म्हणाला दसऱ्यानंतर. सगळं जग दसऱ्यानंतर होतं.

मी तिथंच बसले होते, हनुवटीला ग्रीस. समोर एक्सल आडवा पडलेला. मला एकदम सुचलं, आणि सुचल्याबरोबर मी ते बोलूनही टाकलं. "नाना, मग हा उलटा करा ना. पालथा घाला. खालची बैठक वर येईल."

नानांनी उठून एक्सल एका बाजूनं धरला, मामानं दुसऱ्या, आणि फिरवला. बैठका वर. लांब दांडा जिथं येतो ते गोळ्याचं तोंड पुढंच. पाट्याखाली सरकवला, तर असा बसला की मधे सुपारीएवढी फट नाही. "वा रे पोरी!" नाना म्हणाले. मामानं माझ्या डोक्यावर दोन्ही तेलकट हात ठेवले. "भाची इंजिनेर व्हई!" आई ओसरीवर फुलांच्या पाट्या धुवत होती, तीही थांबून हसली. मला तेव्हा किती अभिमान वाटला ते काय सांगू. आठव्या माळेला दिवसभर बोल्ट आवळले, चाकं चढवली. तेल भरायचं बूच जरा भलतीकडे आलं होतं, खालच्या अंगाला, आणि भरलेलं तेल परत बाहेर यायचं. नाना म्हणाले, "जीपवाल्यांची अक्कल बघ, बूच कुठं ठेवलंय!" आणि एक बाजू उचलून कसंबसं तेल आत घातलं.

संध्याकाळी ऊन असतानाच गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. आईनं चाकांवर पाणी ओतलं, नारळ फोडला. नाना आत बसले, आरशात मिशा बघितल्या, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली. आम्हाला वाटलं उतारानं गेली असेल. नानांनी ब्रेक दाबला, पुन्हा नीट पहिला टाकला, गाडी पुन्हा मागे. त्यांना वाटलं पहिला अडकलाय, म्हणून त्यांनी दुसरा टाकला आणि जरा जोरात रेस दिली. पिकअप मागच्या मागे सुसाट निघाली, कोंबड्या उडाल्या, मामानं उडी मारली, आणि गाडी कडब्याच्या गंजीत कमरेइतकी घुसून बंद पडली. वरून दोन पेंढ्या टपावर येऊन पडल्या.

"दाजी," मामा गंजीआडून ओरडला, "गाडी मांगे जाई ऱ्हायनी!"

"मला दिसतंय!" नाना आतून ओरडले.

आधी मीच हसले, मग आई, मग मामा पोट धरून जमिनीवर बसला. आणि मग एकेकाचं हसू थांबलं, सगळ्यांत आधी माझं, कारण मला कळलं होतं. एक्सल पालथा घातला की गोळ्यातलं मोठं दातेरी चाक या अंगाचं त्या अंगाला जातं, आणि चाकं उलटी फिरतात. दुसरीतल्या पोराला पेन्सिल फिरवून समजवावं इतकं सोपं. आता गाडीला चार गिअर मागे जायचे होते आणि पुढे जायचा एकही नव्हता. सरळ करावं तर बैठका परत खाली. उद्या पहाटे फुलं तोडायची. आईकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिचे चार महिने, ते सगळे वेचलेले दगड, आणि माझं ते एक शहाणं वाक्य.

आईनं पदराला हात पुसले. गाडीजवळ आली आणि खिडकीतून नानांना विचारलं, "पुढचे गिअर टाकले की मागं जाते. मग मागचा टाकला की कुठं जाते?"

नानांनी गाडी परत चालू करून रिव्हर्स टाकला. टिंग टिंग चाल सुरू झाली, कुत्र्यानं तोंड वर केलं, आणि आमची पिकअप गंजीतून निघून हळूहळू, बैलाच्या चालीनं, पुढे अंगणात आली.

"पुढं जाते," नाना म्हणाले.

"मग झालं की," आई म्हणाली. "बाजार पुढंच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत आम्ही शेतात होतो. सुरगाण्याकडून कामाला आलेल्या चार बाया, आई, मी, मामाही. दंव पडलेला झेंडू तोडताना बोटं पिवळी आणि कडू होतात, तो वास आठवडाभर जात नाही. तुकडा पार ओरबाडून काढला, मागे उरल्या त्या फक्त हिरव्या कळ्या. एक पाटी आईनं बाजूला ठेवली, घरच्या दसऱ्यासाठी. गाडी भरली, आई आणि मी मागे फुलांत बसलो, मामा नानांशेजारी, आणि सकाळच्या उन्हात रिव्हर्स गिअरमध्ये आमचं नाशिकला प्रस्थान झालं.

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. तो गिअर ताकदीचा असतो, वेगाचा नाही. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे. हॉर्न अखंड वाजत होता, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटायचं की गाडी मागे येतेय. मागची माणसं पटापट बाजूला व्हायची, आणि समोरची बिनधास्त उभी राहायची, मग गाडी अंगावर आली की उड्या मारायची. "ओ नाना, मागं बघा मागं!" वाटेत एक ओळखीचा ओरडला. नानांनी खिडकीतून डोकं काढलं. "मागं काय बघू? पुढं चाललोय!" शाळेला निघालेली पोरं गाडीबरोबर पळायला लागली, चालीवर टाळ्या वाजवत. मामाला लाज वाटायला लागली, तो हॉर्नची वायर तोडायला निघाला, तर आई मागून ओरडली, "गप ऱ्हाय! तोडू नको!" कारण तिनं बघितलं होतं ते आम्ही कुणी बघितलं नव्हतं. त्या आवाजानं घराघरांतून बायका दारात येत होत्या. आणि दारात आलेली बाई दसऱ्याच्या आदल्या दिवशी समोर गाडीभर झेंडू बघते तेव्हा ती काय आत परत जाते?

"ओ मावशी, कसा दिला?" पहिली हाक आली. आमच्याकडे तराजू कुठला! माल ठोक विकायचा होता. आईनं क्षणभर इकडंतिकडं बघितलं, नानांचा पाण्याचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि तांब्याभर झेंडू मापून त्या बाईच्या पदरात टाकला. गाडी थांबवायची गरजच नव्हती, चालणारं माणूस तिला सहज गाठायचं. बायका बाजूनं चालत चालत फुलं घ्यायच्या, घेऊन झालं की वळून घरी जायच्या. मखमलाबाद नाक्यापर्यंत इंजिन तीनदा तापलं, तीनदा थांबलो, आणि थांबलो की तिथं जत्रा. नाक्यावरच्या हवालदारानं शिट्टी मारली, गाडीभोवती फिरला, मागचा पांढरा दिवा बघितला, हॉर्न ऐकला. "रिव्हर्स टाकून पुढं कसं काय चाललाय?" नाना म्हणाले, "साहेब, ते मला पण आत्ताच कळलंय." त्यानं हसून वाट मोकळी केली आणि पैसे मोजून दोन तांबे फुलं घेतली.

तिथंच चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "नाना, कुणाची ही कलाकारी?" मी फुलांत बसले होते, माझे कान तापले. नाना बशीतला चहा फुंकत म्हणाले, "माझीच. दुसऱ्या कुणाला सुचणार?" सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव रिव्हर्स नाना पडलं, ते शेवटपर्यंत. पुढं त्यांच्या आजारपणात भेटायला आलेले म्हातारेसुद्धा "काय रिव्हर्स नाना, कसं काय?" म्हणायचे आणि ते उशीवरून हसायचे. मी त्याच दिवशी परतीच्या वाटेवर त्यांना म्हटलं होतं, "नाना, पालथा घाला असं मी म्हणाले होते." ते म्हणाले, "म्हणायला काय, कुणी बी म्हणतं. फिरवला कुणी? नट आवळले कुणी? मी ना? मग?" आणि विषय संपवला. पुढं मी गणित शिकवायला लागले, वर्गात एखाद्या मुलीनं फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं आणि बाकीचे हसायला लागले की मला हटकून नानांचा तो बशीतला चहा आठवतो.

नदीकाठच्या फूलबाजारात पोचलो तेव्हा निम्मा माल संपला होता. ठोक घेणारा आडत्या भाव पाडून बोलायला लागला, तशी आई म्हणाली, "राहू दे भाऊ, मी बसते." आणि ती रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून, तांब्या हातात घेऊन बसली. माझी आई, जिनं बाजारात कधी टोमॅटोसुद्धा स्वतः विकला नव्हता! तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी शेवटची पाटी उरली, घरची ठेवलेली. एक म्हातारी आली, म्हणाली, पोराच्या नव्या रिक्षाला हार करायचाय, सगळीकडे संपला गं. आईनं एकदा पाटीकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे, आणि तीही पाटी तिच्या टोपलीत रिकामी केली.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात पिकअप धुवून उभी होती, शेजारी पाटावर पाने, घण, चेनपुली, विळे, खुरपी पूजेला मांडलेली. हळद, कुंकू, आपट्याची पानं, सगळं होतं. फूल एकही नव्हतं. घरात नाही, शेतात नाही. साऱ्या गावाला आणि निम्म्या पंचवटीला झेंडू पुरवणाऱ्या घरात घटावरच्या सुकलेल्या माळा सोडल्या तर एक पाकळी नव्हती. आईला हसू आवरेना. नाना सायकल काढून गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटा हार होता, मनगटात बांगडीसारखा घालता येईल एवढा.

"लय महाग झालाय गं झेंडू," ते म्हणाले. "एवढ्याशा हाराला कायच्या काय घेतले. वर म्हणतो, घ्यायचा तर घ्या."

"हो का?" आई म्हणाली.

नानांनी हार तिच्या हातात दिला. मग अनवाणी पायानं मातीत उगीचच रेघ ओढत उभे राहिले. मामा आत अंघोळ करत होता, मी रांगोळीचं बोट तसंच धरून थांबले.

"मग पुढच्या वर्षी," नाना म्हणाले, "कुठल्या तुकड्यात लावायचा?"

आईनं वर बघितलं. "सांगताय का विचारताय?"

"विचारतोय."

आईनं हार गाडीच्या आरशाला अडकवला, नीट केला, नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवलं. मग कालव्याकडे, नानांच्या टोमॅटोच्या काळ्याभोर जमिनीकडे बोट केलं आणि म्हणाली, "त्या तिथं."